मागच्या बाकावरची रोझरी

कोर्टात नोकरी करणाऱ्या माणसाकडे किस्से कसे साठतात माहिती आहे? श्रीखंडाचे रिकामे डबे साठतात तसे. कुणी मुद्दाम जमवत नाही, पण एक दिवस कपाट उघडलं की अंगावर कोसळतात! आमच्याकडे येणारा प्रत्येक जण कुणावर तरी संशय घेऊनच येतो. शेजाऱ्याला वाटतं शेजाऱ्याने कुंपण सरकवलं. पोलिसाला वाटतं ड्रायव्हर खोटं बोलतोय, ड्रायव्हरला वाटतं कॅमेरा खोटं बोलतोय. या सगळ्यांत इतकी वर्षं काढल्यावर मीही तशीच झालेय. नवरा म्हणतो, "शुभा, तू दुधाच्या बाटलीवरच्या तारखेचीसुद्धा उलटतपासणी घेतेस!"

मी मूळची पुण्याची. इथे सिडनीच्या पश्चिमेला, ब्लॅकटाउनच्या थोडं पुढे, एका छोट्या कोर्टात कोर्ट ऑफिसर आहे. म्हणजे मी केस पुकारते, साक्षीदाराला शपथ देते आणि मॅजिस्ट्रेट आले की "ऑल स्टँड!" म्हणून ओरडते. कोर्टाचं नाव सांगणार नाही. माणसांची नावंही बदलली आहेत, तेव्हा उगाच शोधत बसू नका.

आता सांगतेय ते सगळं घोन्साल्विस मॅडम मॅजिस्ट्रेट म्हणून आल्या त्यानंतरचं. आमच्या कोर्टाच्या खुर्चीत कायमची बसलेली ही पहिली बाई. त्यातून मराठी, थेट वसईची! म्हणजे संशयाला दुप्पट जागा.

*

मॅडमचा पहिलाच दिवस. दारावर स्कॅनरपाशी आमचा ग्रेग. चांगला धिप्पाड, मनाने लोण्यासारखा, पण कामात पक्का संशयी. समोरून साधा काळा कोट घातलेली, चाकांची बॅग ओढत येणारी सावळी बाई बघून त्याने प्रेमाने विचारलं, "लव्ह, कुठल्या केससाठी आलीस?"

मॅडम म्हणाल्या, "आजच्या सगळ्या."

ग्रेग हळहळला. एका बाईवर एवढ्या केसेस! त्याने बॅग स्वतः उचलून पट्ट्यावर ठेवली, फुकटच्या वकिलाची खोली दाखवली आणि वर धीर दिला, "घाबरू नकोस, इथले लोक चांगले आहेत."

मॅडमनी आभार मानले आणि आत गेल्या. थोड्या वेळाने मी "ऑल स्टँड!" म्हटलं आणि बेंचमागच्या दारातून त्याच बाई आल्या. ग्रेग मागे भिंतीला टेकून उभा होता, तो सरळच झाला. लंचला माझ्याकडे येऊन अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मेट, मी तिच्या खांद्यावर थोपटलं!"

*

घोन्साल्विस हे आडनाव ऐकून आपल्या लोकांनी परस्पर ठरवून टाकलं की बाई गोव्याची. म्हणजे फार तर कोंकणी. म्हणजे मराठीत काहीही बोलायला आपण मोकळे.

एकदा आपल्यातलाच एक आयटीवाला जोरात गाडी चालवल्याबद्दल उभा होता. लायसन्स जाणार म्हणून चेहरा पांढराफटक. पाठीमागच्या बाकावरून बायको कुजबुजली, पण आमचं कोर्ट एवढं लहान की कुजबुजही सगळ्यांना पोचते. "बाई कडक दिसतेय. रडायला लाग!"

त्याने आज्ञाधारकपणे खालचा ओठ बाहेर काढला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, "पुढे जाण्याआधी रेकॉर्डसाठी सांगते, मला मराठी समजतं. आता तुम्हाला रडायचं असेल तर जरूर रडा. पण ते तुमच्या मनाने असावं, बायकोच्या सांगण्यावरून नको."

रडणं राहिलं बाजूला, बायकोला हसू आवरेना! लायसन्स मात्र गेलंच.

बाहेर त्याचा वकील निखिल माझ्यावर उखडला. निखिल ठाण्याचा. आपल्या लोकांच्या निम्म्या केसेस तोच चालवतो. "शुभाताई, बाई वसईच्या आहेत हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस का? आणि विचारलं असतंस तरी सांगितलं नसतं."

तेव्हापासून निखिल माझ्याशीही इंग्रजीतच बोलायला लागला. का, ते मला अजून कळलेलं नाही.

*

बातमी पसरली आणि आपल्या मराठी मंडळात दोन पक्ष पडले. एक म्हणे, बाई आपल्या आहेत, आपल्या लोकांना सांभाळून घेणार. दुसरा म्हणे, उलट आहे! सांभाळत नाही हे दाखवायला आपल्याच लोकांना जास्त झोडपणार. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, ते म्हणजे आतली खबर शुभाकडे असणार. कधी नव्हे ते माझ्याकडे बेसनाचे लाडू येऊ लागले. मी एकही खाल्ला नाही. नवऱ्याने खाल्ले, पण त्याला काहीच माहीत नसल्यामुळे काही बिघडलं नाही.

मग महिला दिनाला मंडळाने मॅडमनाच पाहुण्या म्हणून बोलावलं. मॅडम आल्या, पण स्वतःचा डबा आणि स्वतःचं पाणी घेऊन! हॉलमधला एक बटाटेवडासुद्धा घेतला नाही. न जाणो, ज्याने तळला त्याची पुढच्या आठवड्यात केस असायची.

भाषण मात्र झकास केलं. विषय होता, अमेरिकेतल्या सुरुवातीच्या बाई न्यायाधीश. तिकडे फार वर्षांपूर्वी एका खाणीच्या गावात पहिल्यांदा बाईला न्यायाधीश नेमलं, तर म्हणे आधीच्या न्यायाधीशाने कोर्टाचं रजिस्टरच द्यायला नकार दिला. बाईने काय करावं? ते इतकं मळलेलं आहे की मला नकोच, असं सांगितलं आणि स्वतःचं नवं सुरू केलं! हॉलमध्ये टाळ्याच टाळ्या.

मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "आणि तुम्हाला हो मॅडम? तुमच्या आधीच्यांनी काय दिलं?"

"खुर्ची दिली," मॅडम म्हणाल्या. "पण ते होते सहा फुटी. माझे पाय जमिनीला टेकेनात. आठवडाभर तशीच लोंबकळत न्याय दिला."

"अहो, खाली करायचा दांडा असतो ना?"

"असतो. पण तो कुठे आहे हे विचारलं असतं, तर बाईला खुर्चीसुद्धा कळत नाही म्हणाले असते."

सगळे खो खो हसले. मला मात्र हसू आलं नाही. तो आठवडाभर मी खालीच बसले होते आणि मला वाटलं होतं, मॅडमना उंच बसायला आवडतं.

*

त्यानंतर महिन्याभरात मागच्या बाकावर ती म्हातारी यायला लागली.

पांढरी साडी, वर करड्या रंगाचा स्वेटर, पायात स्पोर्ट्स शूज, हातात कापडी पिशवी. सकाळी कोर्ट उघडलं की शेवटच्या बाकाच्या कोपऱ्यात येऊन बसायची आणि मॅडम उठेपर्यंत हलायची नाही. तिची कुठली केस नव्हती, कुणी नातेवाईक आरोपी नव्हता. ओळीने सगळ्या केसेस ऐकायची. चेहऱ्यावर असा भाव, की इथे काहीतरी गडबड आहे आणि ती आज ना उद्या सापडणारच!

ग्रेगने तर पहिल्याच आठवड्यात तिला धरलं. स्कॅनरमध्ये पिशवीत एक पुडकं दिसलं. उघडलं तर वाळक्या पानात घट्ट बांधलेलं, काळपट तपकिरी, चिकट असं काहीतरी. त्याने एका हाताने हातमोजा चढवला आणि दुसऱ्या हाताने मला फोन केला. मी धावत खाली.

बघते तर सुकेळी! वसईची सुकेळी, वाळवलेल्या केळ्यांची. लहानपणी एकदा मामाने आणली होती, त्यानंतर थेट इथे स्कॅनरवर भेट.

"ग्रेग, ही केळी आहेत."

"मेट, केळी पिवळी असतात."

"ही वाळवलेली आहेत."

"कुणी वाळवली? कुठे? का?"

म्हातारी माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "बाय, त्याला सांग, मागच्या अंगणात वाळवली. आणि त्याला म्हणावं, एवढा संशय असेल तर खाऊन बघ."

ग्रेगने हुंगलं, टोक मोडलं, खाल्लं. मग दुसरा तुकडा मोडला. मग म्हणाला, "खात्री करण्यासाठी अजून एक लागेल."

तेव्हापासून तिची पिशवी रोज तपासली जाऊ लागली. आणि तपास पूर्ण व्हायला चांगला वेळ लागायचा.

*

पण माझा संशय काही जाईना. मराठी बोलते, वसईची सुकेळी करते, मॅडमच्या कोर्टात येऊन बसते आणि मॅडम तिच्याकडे एकदाही बघत नाहीत! जाणूनबुजून बघत नसल्याशिवाय कुणी इतकं न बघणं शक्यच नाही.

एका दुपारी सुटून निघाले तर म्हातारी बस स्टॉपवर उभी. भर उन्हात! आणि माझ्या डोळ्यांदेखत मॅडमची गाडी तिच्यासमोरून गेली. वेग कमीसुद्धा झाला नाही. म्हातारीनेही मान वळवली नाही.

मी गाडी थांबवली. "मावशी, कुठे जायचंय?"

तिने आधी मला नीट न्याहाळलं. माझ्यापेक्षा संशयी माणूस मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होतं. "क्वेकर्स हिल. पण घरापर्यंत नको, कोपऱ्यावर सोड."

कोपऱ्यावर सोडलं. आता शहाण्या माणसाने तिथून निघून जावं की नाही? मी गेले नाही. गाडी लावून बघत बसले. म्हातारी चालत गेली, एका घराची बेल वाजवली, दार उघडलं. दारात घोन्साल्विस मॅडम! घरातल्या गाऊनवर, हातात पळी.

"आई, किती उशीर? आमटी तिसऱ्यांदा गरम करतेय मी!"

आणि मग मॅडमना रस्त्यापलीकडे माझी गाडी दिसली.

दुसऱ्या दिवशी मला चेंबरमध्ये बोलावणं आलं. मी मनात राजीनामा लिहूनच गेले.

"शुभा, ती माझी आई. मार्था. मला ती इथे यायला नको आहे, पण पब्लिक गॅलरी पब्लिकची असते. मी तिला अडवू शकत नाही."

"पण मॅडम, निदान गाडीतून तरी..."

"कोर्टाच्या दारातून आईला गाडीत घेतलं, तर उद्या कुणीतरी म्हणेल की केस गाडीत ठरली. मी बाई आहे, बाहेरची आहे. माझी एक चूक लोकांना दहा चुकांएवढी दिसते. आईला विचार, तिलाही हेच वाटतं."

मी खरंच विचारलं. मावशी म्हणाल्या, "ती मला गाडीत घेत नाही ते बरंच आहे. मी हिच्या खुर्चीवर लक्ष ठेवायला येते. बाईला दिलेली खुर्ची लोक कधी ओढून घेतील, नेम नाही."

त्या रोज उन्हात उभ्या राहायच्या आणि मॅडम रोज समोरून जायच्या. मला ते बघवायचं नाही. मी रोज थोडी उशिरा निघायला लागले आणि "सहज याच बाजूला चाललेय" म्हणून त्यांना कोपऱ्यावर सोडायला लागले. या थापेवर आमच्या दोघींचाही विश्वास नव्हता.

*

आता रोझरीचं सांगते.

मार्थामावशींच्या हातात रोझरी, म्हणजे जपाची माळ असायची. केस सुरू झाली की मणी सरकायला लागायचे, ओठ हलायचे. मॅडमनी शिक्षा सुनावली की मणी जागच्या जागी थांबायचे. पुढची केस पुकारली की पुन्हा सुरू.

हे पहिल्यांदा हेरलं निखिलने. मला बाजूला घेऊन, चक्क मराठीत म्हणाला, "शुभाताई, ती म्हातारी खुणा करते!"

"कसल्या खुणा?"

"मी चार दिवस बघतोय. मणी भराभर सरकले की दंड मोठा. हळू सरकले की ताकीद देऊन सोडतात. ही सिस्टिम आहे!"

मी म्हटलं, "निखिल, तू वकील आहेस. पुरावा?"

पुरावा नव्हता, पण बातमी वकिलांच्या बार रूममध्ये पोचली. मग वकील युक्तिवाद करताना मॅडमकडे कमी आणि मागे जास्त बघायला लागले. एकाने आपल्या आरोपीला मुद्दाम म्हातारीच्या शेजारी नेऊन बसवलं, ओळख वाढावी म्हणून. निखिलने तर कमालच केली. त्याची केस पुकारली तेव्हा मणी भरभर चालले होते. तो उभा राहून म्हणाला, "युअर ऑनर, माझी केस थोड्या वेळाने घ्यावी ही विनंती."

"कारण?" मॅडमनी विचारलं.

निखिल एकदा मागे बघतो, एकदा पुढे. "युअर ऑनर, सध्या... वातावरण अनुकूल नाही."

*

इथवर सगळी गंमत होती. मग कुणीतरी, कोण ते आजही माहीत नाही, वर तक्रार केली. मॅजिस्ट्रेट भारतीय लोकांना सांभाळून घेतात आणि मागे बसलेली एक भारतीय म्हातारी त्यांना खुणा करून शिक्षा ठरवते!

मॅडमनी लपवाछपवी केली नाही. त्याच दिवशी वर कळवलं, ती माझी आई आहे. त्यामुळे प्रकरण मिटायच्या ऐवजी पेटलं. आधी नुसती म्हातारी होती, आता खुद्द आई! चौकशी संपेपर्यंत मॅडमकडच्या मोठ्या केसेस काढून घेतल्या. आमच्यापर्यंत कुजबुज आली, की काही निघालं तर खुर्ची गेलीच, आणि निघालं नाही तरी लांब कुठेतरी बदली.

तो काळ फार वाईट होता. ग्रेग सुकेळीसुद्धा खाईना. मॅडम शांतपणे पार्किंगचे दंड ऐकत बसायच्या, आणि त्यांनी एवढ्या वर्षांत कमावलेलं सगळं त्या माळेला टांगलंय असं मला वाटायचं. मी मावशींना हात जोडून म्हटलं, "निदान थोडे दिवस घरी बसा ना!"

"का? मी घरी बसले तर म्हणतील, चोरी पकडली म्हणून पळाली." आणि आल्याच, दुसऱ्या दिवशी, त्याच कोपऱ्यात, तीच माळ घेऊन.

अखेर एका सकाळी वरून एक साहेब आले. उंच, पिकलेले केस, अतिशय सभ्य. असे सभ्य लोक बघितले की मला जास्तच भीती वाटते. अर्धा दिवस ते मावशींच्या शेजारी बसून मण्यांकडे बघत होते. मावशी त्यांच्याकडे बघत होत्या आणि पिशवी त्यांनी दुसऱ्या बाजूला सरकवून ठेवली होती.

लंचच्या सुट्टीत साहेबांनी त्यांना छोट्या खोलीत बोलावलं. मावशींचं इंग्रजी बाजारापुरतं, म्हणून दुभाषी म्हणून मला बसवलं. मॅडम चेंबरमध्ये दार लावून बसल्या होत्या. मावशींची जीभ मला माहीत होती, आणि एक शब्दही बदलायचा नाही हा नियमही माहीत होता.

साहेबांनी हळूच विचारलं, "तुम्ही मॅजिस्ट्रेटना ओळखता?"

"जन्मल्यापासून. म्हणून तर लक्ष ठेवायला येते."

मी भाषांतर केलं. साहेबांनी लिहून घेतलं.

"निकाल काय द्यावा, याबद्दल तुम्ही त्यांना कधी काही खूण करता?"

मावशी हसल्याच. "खूण? अहो साहेब, हिने आयुष्यात माझी एक तरी खूण ऐकली असती, तर ही नर्स झाली असती! फॉर्म आणून ठेवला होता मी. वसईतल्या सगळ्यांच्या मुली नर्स झाल्या. ही एकटी कायदा शिकायला गेली!"

साहेबांचं पेन थांबलं. पण ते सहजासहजी सोडणारे नव्हते. "ते ठीक आहे. पण मी सकाळपासून पाहतोय, निकाल लागला की तुमचे मणी थांबतात. नेमके तेव्हाच का?"

"मग पुढे कशाला? शिक्षा सुनावून झाल्यावर प्रार्थना करून काय फायदा?"

"म्हणजे मुलीकडून चूक होऊ नये म्हणून तुम्ही प्रार्थना करता?"

मावशींनी साहेबांकडे असं बघितलं, की एवढा शिकलेला माणूस आणि याला इतकं साधं कळू नये!

"तिच्यासाठी कोण करतंय? समोर उभा असतो ना, त्या बिचाऱ्यासाठी करते. तिचा स्वभाव मला माहीत आहे!"